पेशंटबरोबर एकच

आमच्या ॲम्ब्युलन्समध्ये ‘लवकर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ही बंदी सरकारने घातलेली नव्हती, कमिटीने घातलेली नव्हती. गाडीत पेशंट सांभाळणाऱ्या आपांनी घातली होती, त्यामुळे ती पाळली जायची. मागून कुणी “ड्रायव्हर, जरा लवकर घ्या” म्हणाले की आपा पेशंटच्या मनगटावरचे बोट न हलवता मला सांगत, “ज्यानं म्हणलं त्याला उतरव.” असे मी दोघांना खरोखर उतरवले आहे. त्यातला एकजण रसवंतीपाशी उतरला, दोन ग्लास रस प्यायला आणि मागच्या एस्टीने आमच्या पाठोपाठ दवाखान्यात येऊन पोचला.

मला हा जुलूम वाटायचा आणि मी तसे बोलूनही दाखवायचो. आपांचे म्हणणे असे की ‘लवकर’ म्हटल्याने गाडीचा वेग वाढत नाही, ड्रायव्हरचा बीपी वाढतो, आणि त्यांना एका वेळी एकच पेशंट सांभाळायची सवय आहे. बीए करून स्टिअरिंग धरलेल्या माणसाला असे कुणी बोलले की राग येतोच. पाच वर्षे मी त्या बाईंवर रोज रागावलो, आणि त्या लेकीकडे सोलापूरला निघून गेल्या त्या दिवशी गाडी धुताना रडलोही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी गाडीचे सांगतो, म्हणजे बाई समजतील. बाभूळदरा आणि निंबखेडे ही आमची दोन गावे. मध्ये एक ओढा, आणि ओढ्याच्या पाण्यापेक्षा त्यावरून झालेली भांडणे जास्त. नगर तिथून चाळीस किलोमीटर. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिले आहे, पण एस्टीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असाच ओरडतो. बाहेर जाऊन मोठ्या झालेल्या इथल्याच एका माणसाने दोन्ही गावांना मिळून ही ॲम्ब्युलन्स दिली. नुसती खाट टाकलेली टेम्पोवजा गाडी नव्हे. ऑक्सिजन, छातीचा आलेख काढणारे मशीन, झटका द्यायचे मशीन, सगळे तिच्यात. अट एकच होती, ही यंत्रे चालवणारे शिकलेले माणूस गाडीत कायम पाहिजे. ड्रायव्हर बाभूळदऱ्याचा, म्हणजे मी. कमिटीचे अध्यक्ष निंबखेड्याचे, दूध सोसायटीचे चेअरमन. आणि आपा भिंगारच्या, म्हणजे दोन्हीपैकी कुणाच्याच नाहीत, म्हणून दोन्ही गावांना चालल्या.

गाडीवर नावे कशी लिहायची यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी उजव्या अंगाला आधी बाभूळदरा आणि मग निंबखेडे, डाव्या अंगाला उलटे, आणि मागच्या दोन दारांवर एकेक गाव. गाडी उभी कुठे करायची, तर शिवेवर, बंद पडलेल्या दूध संकलन केंद्रापाशी. तिथेही तोंड कुणीकडे हा प्रश्न आलाच. ठरले असे की सोमवारी निंबखेड्याचा बाजार, तर सोमवारपासून तोंड निंबखेड्याकडे. गुरुवारी बाभूळदऱ्याचा बाजार, तर गुरुवारपासून तोंड तिकडे. लोक सकाळी दूध घालायला जाताना गाडीचे तोंड बघून पुढे जायचे. आपा रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी मला गाडी नगरकडे तोंड करून लावायला सांगितली. पेशंट शेवटी तिकडेच न्यायचा आहे, एवढेच त्यांचे कारण. दोन्ही गावे सारखीच चिडली. आपांच्या मते दोन्ही बाजू सारख्या चिडल्या म्हणजे न्याय झाला.

आपा तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या होत्या. अंगाने बारीक, आवाजाने दणकट. पायात भिंगारच्या बाजारातून आणलेले जवानांचे बूट, तेही दोन नंबर मोठे आणि बिनलेसाचे. घर कुणाचेही असो, आत साप चावलेला माणूस तडफडत असो, उंबऱ्यापाशी त्या बुटातून नुसते पाय उचलून आत जायच्या. परत येताना तसेच पाय टाकून बाहेर. बूट काढायला वेळ लागतो म्हणून लोक चिखलाचे पाय घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरतात, त्यावर हा त्यांचा उपाय. ॲप्रनला सात खिसे होते. सहात औषधपाणी आणि सातव्यात फुटाणे. केस अवघड असली की गाडी परत येताना फुटाणे संपलेले असायचे. मी त्यावरूनच ओळखायचो.

बेशुद्ध माणसाशी त्या बोलत असत आणि बहुतेक कांद्याच्या भावाबद्दल बोलत. शेतकरी डोळे मिटून पडला असेल तर त्याच्या कानाशी जाऊन, आज नगरला कांदा फार पडला, असे सांगायच्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. निंबखेड्याच्या एका आजोबांनी तर शुगर उतरून गार पडलेले असताना डोळे उघडून “कंच्या मार्केटात?” असे विचारले होते. आपांनी लगेच कागदावर ‘पेशंट शुद्धीवर’ असे लिहून वेळ टाकली. भाव खरा किती होता ते त्यांना कधीच माहीत नसायचे.

सायरनशी त्यांचे वैर होते. हायवेवर वाजवू द्यायच्या, गावात नाही. “गर्दी हा पैला आजार, बाकीचा नंतर बघू,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. सायरन वाजला की गर्दी होते, गर्दी झाली की स्ट्रेचर वळत नाही, म्हणून आम्ही दोन्ही गावांत चोरासारखे शिरायचो. लोकांना मात्र तो अपमान वाटायचा. ॲम्ब्युलन्स येऊन माणूस घेऊन गेली आणि शेजारच्या आळीला पत्ता नाही, याला काय अर्थ आहे? एका घरातून तर रीतसर तक्रार आली की बाभूळदऱ्याच्या म्हाताऱ्याला न्यायला फाट्यापासून सायरन वाजला आणि आमच्या म्हाताऱ्याला न्यायला नाही, आमचा म्हातारा काय कमी आहे का? म्हातारा तेव्हा बरा होऊन ओट्यावर बसलेला होता आणि तक्रारीवर पहिला अंगठा त्याचाच होता.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे परीक्षा.

गाडीत पेशंटजवळ नातेवाइकाला बसायला जागा एकच. पूर्वीच्या गाड्यांत लोक अकरा-अकरा चढत, त्यात दोघे नुसते नगरला काम आहे म्हणून. आपांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केले की पेशंटबरोबर एकच माणूस, आणि तो मी निवडणार. निवडायची रीत म्हणजे तीन प्रश्न. यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? शेवटचे काय आणि कधी खाल्ले? आणि कुठल्या नावाने हाक मारली की हे ओ देतात? तिन्ही प्रश्न त्यांना कामालाच लागायचे. विचारताना हात थांबत नसत. इकडे दंडाला बीपीचा पट्टा चढत असायचा आणि तिकडे उंबऱ्यात नातेवाइकांची तोंडी परीक्षा चाललेली असायची. जो पास तो गाडीत. नापास ते मागून, आपापल्या वाहनाने.

पहिल्या वर्षी निकाल भयंकर लागला. घरचे कर्ते पुरुष धडाधड नापास व्हायला लागले. “कुठली गोळी?” “पांढरी.” “पांढऱ्या तर समद्याच असत्यात.” खलास. घरचा थोरला बाहेर आणि धाकटी सून, जी कालपर्यंत चारचौघांत बोलत नव्हती, ती पदर खोचून गाडीत. एका घरी सख्खे चार भाऊ नापास झाले आणि दूध घालायला आलेला गवळी पास झाला. आपांनी त्याला त्याच्या किटल्यांसकट नेले.

मग गावे शहाणी झाली, म्हणजे त्यांना वाटले तशी. बाभूळदऱ्यात लोकांनी गोळ्यांची पाकिटे कणकेच्या खळीने दारामागे चिकटवली. निंबखेड्यात एका रिटायर गुरुजींनी संध्याकाळी मारुतीच्या पारावर सराव परीक्षा सुरू केल्या. स्वतः आजारी पडून दाखवायचे आणि समोरच्याने उत्तरे द्यायची. कोणत्या गावचा निकाल चांगला यावर पैजा लागल्या. एकदा एका माणसाने आईच्या गोळ्यांची नावे तळहातावर लिहून आणली होती, पण धावपळीत घाम येऊन सगळे फिसकटले. आपांनी त्याचा हात उलटा करून पाहिला. मला वाटले आता याची धडगत नाही. पण त्यांनी त्याला आत घेतले. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाल्या की ज्याने हातावर लिहिले त्याने निदान कुणाला तरी विचारून लिहिले असेल.

मलाही सूट नव्हती. रोज दुपारी गाडी पुसताना त्या मला माझ्या बायकोने सकाळपासून काय खाल्ले ते विचारायच्या. मला काय ठाऊक? डबा ती मला भरून देते, तिचे ती बघते. नापास झालो की शिक्षा म्हणून मशीनच्या वायरी गुंडाळायच्या. महिनाभर वायरी गुंडाळल्यावर मी बारा वाजता घरी फोन लावून विचारायला लागलो. पहिल्या दिवशी बायकोने विचारले, “तुमी बरे हाय ना?” दुसऱ्या दिवशी तिने माझ्या भावाला फोन करून माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितले. आठवड्याने मात्र ती अकरालाच जेवून फोनची वाट बघत बसू लागली, आणि आमच्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच भाजीवर दहा-दहा मिनिटे बोलणे झाले. हे मी आपांना कधी सांगितले नाही. डोक्यावर बसल्या असत्या.

आता गाडीवर जो मुलगा आला आहे तो चांगला आहे, नम्र आहे, यंत्रे आपांपेक्षा जास्त जाणतो. सायरन गावाच्या वेशीपासून वाजवतो, चौघे चढले तरी काही म्हणत नाही. लोक त्याच्यावर खूश आहेत. मी त्याला काही बोलत नाही, पण आरशातून मागची गर्दी दिसली की माझा हात गिअरवर उगीच घट्ट होतो.

आपांना दरवर्षी नवी ऑर्डर लागायची. एका वर्षाची नेमणूक, आणि ती दोन्ही गावांच्या कमिटीने एकमताने द्यायची. आमच्याकडे एकमत कसे होते ते वर सांगितलेच आहे. वीस वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर या बाईंनी शेहेचाळिसाव्या वर्षी पुण्याला जाऊन, लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर बसून, ॲम्ब्युलन्सवरचे शिक्षण घेतले होते. नवरा गेलेला, लेकीचे लग्न झालेले, आता मनासारखे काम करू म्हणून. नगरमध्ये जिथे गेल्या तिथे उत्तर एकच मिळाले, या वयात गाडीवर कशाला, आत टेबलावर बसा. त्यांना टेबलावर बसायचे नव्हते. आमची गाडी ही त्यांची पहिली गाडी होती, आणि ती गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती. हे त्यांनी मला एकदाच सांगितले होते, तेही हायवेवर पंक्चर काढताना, पान्हा मागता मागता.

आणि नेमकी या बाईंनी चेअरमनांचीच परीक्षा घेतली.

चेअरमनांच्या आईला सगळे गाव जिजी म्हणते. वय ऐंशीच्या घरात, बीपी, शुगर, आणि जीभ शाबूत. एके सकाळी दहाच्या सुमारास जिजींच्या छातीत दुखायला लागले. आम्ही सायरन न वाजवता पोचलो तर अंगणात तीस-चाळीस माणसे आधीच उभी. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत, घामाने डबडबलेले. आपा बूट उंबऱ्याशी सोडून आत गेल्या, छातीला वायरी लावल्या, आणि पाठ न वळवताच पहिला प्रश्न विचारला.

चेअरमनांनी सांगितले की गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत. आपांनी विचारले, कुठल्या. ते म्हणाले, चांगल्या कंपनीच्या. शेवटचे काय खाल्ले, तर हलका आहार. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी भरल्या अंगणासमोर छाती काढून उत्तर दिले की मी आई म्हटले की ती ओ देते. मग त्यांनी वाकून “आई” अशी हाक मारली. जिजींचे डोळे मिटलेलेच राहिले. दुसऱ्यांदा मारली, तरी तसेच.

तेवढ्यात कोपऱ्यातून कासारमावशी पुढे आली. ही बाभूळदऱ्याची, बांगड्या भरायला घरोघर हिंडते, आणि जिजींची तीस-पस्तीस वर्षांची मैत्रीण. तिने न विचारताच सांगायला सुरुवात केली. बीपीची अर्धी सकाळी, पण जिजी ती एक दिवसाआड तुळशीत टाकतात. शुगरची दोनदा. काल रात्री भाकरी आणि वांग्याचे भरीत, आणि त्यावर चोरून दोन गुळाचे खडे, ते आपणच आणून दिले होते. मग ती स्ट्रेचरवर वाकली आणि म्हणाली, “ए ठमे, ऊठ.”

जिजींनी एक डोळा उघडला आणि विचारले, “काय गं?”

झाले. निंबखेड्याच्या चेअरमनांच्या आईबरोबर बाभूळदऱ्याची कासारीण गाडीत बसली. मी दार लावले. चेअरमन दाराचा दांडा धरून उभे होते, त्यांचा हात मी माझ्या हाताने सोडवला. बाभूळदऱ्याचा माणूस आहे मी, खोटे कशाला सांगू, मला गुदगुल्या होत होत्या. पुढचे चाळीस किलोमीटर मला आरशात मागे चेअरमन दिसत होते. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेले, टोपी हातात, मी ट्रक ओलांडला की तेही ओलांडणार. मी मुद्दाम वेग वाढवला नाही, पण कमीही केला नाही. मागे आपा औषधे देत होत्या आणि पुन्हा पुन्हा बीपी बघून चरफडत होत्या, कारण आलेख सुधारत होता पण बीपी काही केल्या उतरत नव्हता. त्या दिवशी फुटाणे नगर यायच्या आतच संपले.

जिजी वाचल्या. पाच दिवसांनी घरीही आल्या. आणि आठवड्याच्या आत चेअरमनांनी संयुक्त कमिटीची बैठक लावली. विषय एकच, सदर बाईंना कामावरून कमी करणे. आपांचा रोजचा डबा त्या दिवशी तसाच राहिला. मला म्हणाल्या, “माझं काय, मी जाईन. पर दोन गावांचं हे एकदा तुटलं का निंबखेडं गाडी न्यायला मागंल, बाभूळदरं न्हाई म्हणंल, अन् गाडी हितं शिवंवर गंजत पडंल.” एवढे लांब वाक्य त्या सहसा बोलत नसत. मला पहिल्यांदा भीती वाटली.

बैठक दूध संकलन केंद्राच्या पडवीत झाली. निंबखेड्याचे पाच, बाभूळदऱ्याचे पाच, लिहायला ग्रामसेवक, आणि बघायला दोन्ही गावे. चेअरमनांनी ठराव वाचला. या बाईंना माणसे ओळखता येत नाहीत, कर्त्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा होतो, परीक्षा ताबडतोब बंद झाली पाहिजे आणि बाईंना कमी केले पाहिजे. बाभूळदऱ्याच्या पाचांनी आधी ठरल्याप्रमाणे विरोध केला, पण त्यांच्यातलेही तिघे कधी ना कधी नापास झालेले होते, त्यामुळे विरोधात दम नव्हता. मला वाटले, गेल्या आपा.

इतक्यात निंबखेड्याचे रिटायर गुरुजी उठले. त्यांनी परीक्षा बंद करायला विरोध केला. त्यांचे म्हणणे, परीक्षा असावी पण अभ्यासक्रम जाहीर असावा. मग दुसऱ्याने पर्यायी प्रश्न मागितले, तीनपैकी कोणतेही दोन. तिसरा म्हणाला की साठीच्या पुढच्यांना वरचे गुण द्यावेत. एकाने सुचवले की नापास झालेल्याची फेरपरीक्षा फाट्यावर, गाडी हायवेला लागायच्या आत घ्यावी. कमिटीच्या सदस्यांना एक जागा राखीव असावी अशीही सूचना आली आणि तिला दोन्ही गावांचा एकमुखाने पाठिंबा मिळाला, जो त्या पडवीत पहिलाच असावा. अर्धा तास कुणी आपांचे नावही काढले नाही. ग्रामसेवक लिहून लिहून घामेघूम झाला. आपा भिंतीला टेकून एकेक फुटाणा तोंडात टाकत होत्या, जणू ठराव दुसऱ्याच कुणाबद्दल आहे.

आणि मग कासारमावशीचा हात धरून जिजी आल्या. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका असे सांगितले होते, म्हणून त्या रिक्षाने आल्या होत्या. चेअरमन धावले. जिजींनी त्यांना बाजूला सारले आणि आपांच्या समोरच्या बाकावर टेकल्या. सगळ्यांना वाटले, जिजी आता आपांची बाजू घेणार. मलाही तेच वाटले, आणि मी गालात हसलोसुद्धा.

“मला कुनी इचारलंच न्हाई,” जिजी म्हणाल्या.

आपांनी विचारले, काय.

“गाडीत कोन पायजे त्ये. तू ह्याला तीन सवाल केलंस, हिची तीन उत्तरं ऐकलीस. मी तितंच पडल्याली हुते की. मला एकबी केला न्हाईस.”

आपांचा खिशात गेलेला हात खिशातच राहिला.

“ह्याला माज्या गोळ्या म्हाईत न्हाईत, ह्ये मला काय म्हाईत न्हाई व्हय? ह्याला लहानपनापासनं कायबी म्हाईत नसतंय. पन त्यो भ्याला हुता गं. तसाच मोटारसायकलवर, ट्रकामागनं, मागल्या काचंतनं दिसत हुता. समद्या वाटंनं मी त्येचाच घोर केला. ह्ये कुटं पडतंय का, कुटं धडकतंय का. माज्या छातीचं मला ध्यानबी न्हवतं. मला इचारलं असतंस तर मी ह्यालाच घ्ये म्हनले असते.”

चेअरमनांनी टोपी काढली आणि हातातल्या टोपीकडेच बघत बसले. मी कुठे बघावे ते मला कळेना. तो आरसा मीच बघत होतो, चाळीस किलोमीटर, मजेत. जिजी मागे पडल्या पडल्या ज्याची काळजी करत होत्या तो माणूस मला नुसता तमाशा वाटत होता. शरम वाटली, आणि अजून वाटते.

आपा स्वतःशीच पुटपुटल्या, “बीपी त्यानं उतरत न्हवता.” एवढ्या दिवसांचा हिशेब सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, पण आनंद झाल्यासारखा नाही. त्या उठून उभ्या राहिल्या आणि चेअरमनांना म्हणाल्या की ठराव मताला टाका.

चेअरमनांनी कसाबसा ठराव पुन्हा वाचला आणि बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत असे सांगितले. बाभूळदऱ्याचे पाच हाताची घडी घालून बसले. निंबखेड्याचे चौघे चेअरमनांकडे बघत राहिले, आणि चेअरमन आईकडे. चेअरमनांचा हात गुडघ्यावरून उठला नाही. त्यांचा उठला नाही म्हणून बाकीच्यांचाही उठला नाही.

एकच हात वर होता. तो आपांचा.

“आपा, हात खाली घ्या,” चेअरमन म्हणाले.

“न्हाई. तीन सवाल चुकले का मी माणसाला गाडीत बसू देत न्हाई. मी तर इचारायचा त्योच इचारला न्हाई. नियम समद्यांना एकच.”

चेअरमनांनी समजावले, गुरुजींनी समजावले, मी तर हात जोडले. बाई ऐकेनात. शेवटी ग्रामसेवकाने नियमावली काढली, पाने उलटली आणि वाचून दाखवले की बाई कमिटीच्या सदस्य नसल्यामुळे त्यांना मतदानाचा अधिकार नाही. मग त्याने वहीत लिहिले, ते मी त्याच्या खांद्यावरून वाचले. ठरावाच्या बाजूने एक मत, ते बाद. ठराव नामंजूर.

दोन्ही गावांनी एकदम श्वास सोडला आणि कुणीतरी चहा सांगायला पळाले. आपा मात्र तशाच उभ्या होत्या, हात वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी आलेले आणि ते पुसायला दुसरा हात खिशातून निघत नव्हता. शेवटी जिजींनीच बाकावरून वाकून तो वरचा हात धरला, खाली ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि चहा येईपर्यंत सोडला नाही.